आवतन दिलेली गाडी

"बैलं काय तुह्या एकट्याच्या बापाची होती? अर्धा मोऱ्या माहा होता!"

"अर्ध्या बैलाचं का करशीन बे? पुढचा अर्धा पायजे का मागचा?"

हे भांडण मी न्हाणीत उभी राहून ऐकलं. अकोल्यात आमच्या न्हाणीच्या आणि शेजारच्या शेडच्या मधे एकच पत्र्याची भिंत होती, त्यामुळे तिकडचा शब्द इकडे पडायचा तो आंघोळ करूनच पडायचा. भांडणारे दोघं सख्खे भाऊ, थोरला भगवंतराव आणि धाकटा श्रावण. बाप दोघांचा एकच होता, पण रागात कोणाला आठवतं?

भगवंतरावानं अकोटच्या बाजारात बैलजोडी विकली आणि आलेल्या पैशात कोणाची तरी वापरलेली, पांढरी अँबेसिडर आणली. अकोला ते अकोट टॅक्सी चालवायची म्हणाला. श्रावणला विचारलंच नाही. श्रावण तेव्हा डेंटरचं काम शिकून नुकताच बसला होता. गाड्यांचा ठोकर लागून आत गेलेला पत्रा ठोकून ठोकून परत बाहेर काढायचा, हा त्याचा धंदा. त्या दिवशी त्यानं तीच हातोडी उचलली आणि नव्या आणलेल्या गाडीच्या मडगार्डवर हाणली.

धाडकन आवाज झाला. मग दुसरा आवाज झाला, तो पत्र्याचा नव्हता.

मी ओल्या लुगड्यानं धावत गेले. श्रावण जमिनीवर बसला होता, डावा कान दाबून. बोटांतून रक्त निघून कोपरापर्यंत आलं होतं. भगवंतराव जॅकचा दांडा धरून उभा, आणि मार खाणाऱ्यापेक्षा तोच जास्त थरथरत होता. दारात त्याची बायको रुख्मिणी, कडेवर तान्हा अमोल. पोरगं खुशाल अंगठा चोखत होतं.

श्रावणचा तो कान कायमचा गेला. पुढे त्याच्याशी बोलायचं तर उजवीकडून जावं लागे. भगवंतरावाची ती अडचण नव्हती, कारण तो त्याच्याशी परत कधी बोललाच नाही. श्रावणही नाही बोलला. एक आंगण, एक नळ, आणि तीस-पस्तीस वर्षं दोघांत शब्द नाही. रुख्मिणीनं तेवढी वर्षं निरोप्याचं काम केलं. "त्याले सांग" आणि "त्यायले सांगा", एवढंच तिच्या संसाराचं अर्धं बोलणं.

पण गाडी दुसऱ्या कोणाकडे गेली नाही. अकोटच्या रस्त्यावर टॅक्सी म्हटल्यावर ठोकर लागणारच. त्यात भगवंतरावाचा हात आणि गाडीचं तोंड दोन्ही पुढे. एकदा तर एका ट्रकवाल्याला त्यानं केबिनमधून खाली ओढून असा मारला, की त्या भांडणात ट्रकपेक्षा अँबेसिडरचंच जास्त नुकसान झालं. मग रात्री येऊन तो गाडी शेडसमोर लावायचा, जिथे पत्रा आत गेला असेल तिथे खडूनं गोल करायचा, आणि किल्ली आंगणातल्या बुटक्या भिंतीवर ठेवून जायचा. सकाळी श्रावण खडूचा गोल बघून ठोकायला बसायचा. संध्याकाळी किल्ली परत भिंतीवर, आणि मजुरी रुख्मिणीच्या हातून.

एका सकाळी गाडीच्या दारावर गोल होता. श्रावण हात फिरवत बसला, उन्हात धरून बघितलं, सावलीत बघितलं, पोचा काही सापडेना. दुपारी मला बोलावलं. "वयनी, तुमचे डोळे चांगले हायेत, दिसते का काई?" मला पांढरा पत्रा दिसला आणि त्यावर गोल. दुसरं काही नाही. त्यानं पुष्कळ वेळ तो गोल बघितला, मग फडक्यानं पुसला आणि किल्ली भिंतीवर ठेवली. पैसे घेतले नाहीत. त्या दिवसांत भगवंतरावाला छातीचं दुखणं लागलं होतं.

भगवंतराव गेला तेव्हा श्रावण शेडमधे एका जीपचं दार ठोकत होता. निरोप आला तरी त्याचं ठोकणं थांबेना. बाकी लोक नावं ठेवत होते. मी उजवीकडून जाऊन हातोडी काढून घेतली, तेव्हा उठला.

गाडी अमोलकडे आली. अमोलची मोबाइलची दुकानदारी. त्याला गाडीचं कवतिक नव्हतं, पण आईसाठी ठेवली. मागच्या वर्षी एका लग्नाहून येताना अकोटच्या अलीकडे, एका गावच्या फाट्यावर मोटरसायकलवाला आडवा आला. पोट्टा पडला, हात मोडला. चूक कोणाची हे विचारायला कोणी थांबलं नाही. आधी दगड आले, मग लोकं आले. कोणी साखळी आणली, कोणी उभ्या बैलगाडीच्या उभारीचा दांडका उपसून आणला. अमोल आत, आणि ते चारी बाजूंनी गाडी बडवत होते. काचा फुटून त्याच्या मांडीत शिरल्या. पोलीस येईपर्यंत पाऊण तास गेला. डोक्याला अकरा टाके पडले. मोटरसायकलवाल्याचा हात महिन्यात बरा झाला. अमोलचा डावा डोळा अजून फडफडतो.

गाडी दोरीनं ओढून श्रावणच्या शेडमधे आली. बघवत नव्हती. टप खाली बसलेलं, बोनट चोळामोळा, दारं अशी आत गेलेली की कोणी लाथांनी कणीक मळावी. श्रावण म्हणाला, सरळ करतो. वर्ष झालं, दुसरी कामं सोडून तो तेच करत होता. सत्तरी ओलांडलेला माणूस, सकाळी हातोडी घेऊन बसायचा आणि संध्याकाळी तिथेच. टप वर आलं. बोनट बोनटसारखं दिसायला लागलं.

अमोल दर आठवड्याला यायचा आणि तेच म्हणायचा.

"काका, खोलून टाका ना तिले. अमरावतीच्या गजेंद्रभाऊकडे अशीच गाडी हाय, त्यायले सामान पायजे. बाकी भंगारात."

"गाडी माही नाई, मले काय इचारतं?"

"मंग मी नेतो."

"तुही बी नाई."

"कागदावर माहं नाव हाय!"

"कागद घेऊन जाय मंग. गाडी राहू दे."

अमोलला ती गाडी डोळ्यांसमोर नको होती आणि श्रावणला तिच्याशिवाय दुसरं काही नको होतं. मधे रुख्मिणी. ती पदरानं तोंड पुसत दोघांनाही चहा द्यायची.

मग यंदाचा पोळा आला. आमच्याकडे आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात, हळद-तूप चोळतात, आणि त्यांना आवतन देतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." भगवंतरावानं बैल विकले, पण रीत नाही सोडली. दरवर्षी तो गाडीच्या बोनटला हळद-तूप लावून हेच म्हणायचा. लोकं हसायचे. तो हसणाऱ्याला शिव्या द्यायचा आणि परत चोळायचा. तो गेल्यावर रुख्मिणी लावत होती. यंदाही ती दिवेलागणीला वाटी घेऊन शेडमधे गेली, ठोकून ठोकून खडबडीत झालेल्या त्या बोनटला हळद लावली आणि आवतन देऊन आली. कोणाला विचारलं नाही. कशाला विचारेल?

इकडे अमोलनं दुकान बंद असतं म्हणून नेमका पोळ्याचाच दिवस धरला होता. सकाळी दहाला तो भंगारवाल्या मनोजला घेऊन आला. मागे छोट्या टेम्पोत गॅस कटर आणि सिलेंडर.

श्रावण गाडीसमोर उभा राहिला. रुख्मिणी पुरणाच्या हातानं बाहेर आली.

"अमोल, आज नाई. म्या आवतन देलं तिले काल."

"आई, गाडी हाय ते! बैल नोहे!"

मनोज कटरची नळी जोडत होता, तो थांबला. "काकू, खरंच देलं काय आवतन?"

"हळद पाय ना बोनटले."

मनोजनं बघितली आणि नळी परत काढली. "भाऊ, आज मी नाई लावत. माह्या घरी बैल हायेत, संध्याकाळी त्यायले तोरणाखाली न्यायचे हायेत. जेवाले बोलावलेल्यावर कटर कोन लावते?"

"तू भंगारवाला हायस का भटजी?"

"पुरणपोळी असन तं दोन्ही," मनोज म्हणाला आणि खाली बसला.

मला हसू आलं, आणि तीच चूक झाली. अमोलनं माझ्याकडे बघितलं, तोंड लाल झालं. त्यानं शेडमधला मोठा घण उचलला. पहिला घाव गाडीच्या दिव्यावर. दुसरा बोनटवर, हळदीच्या बरोबर मधे. वर्षभर ठोकून वर आणलेला पत्रा एका घावात खाली बसला. तिसऱ्याला तो ओरडला, "सरका, काका!" पण तो डावीकडून ओरडला. श्रावण दाराच्या कडेवर उजवा हात टेकून मधे शिरत होता. त्याला ऐकूच गेलं नाही.

घण हातावर पडला. सुकलेलं तुरीचं काड मोडल्यासारखा आवाज आला. श्रावण ओरडला नाही. त्यानं हात वर धरून बघितला, दोन बोटं उलट्या दिशेला गेलेली, मनगटावरून रक्ताची धार. गाडीच्या पांढऱ्या दारावर ती लाल रेघ खालपर्यंत गेली.

रुख्मिणीनं अमोलच्या थोबाडीत दिली. एक नाही, चार. गालावर पुरण लागलं. "बापावर गेला! बापावर गेला मेला!"

अमोलच्या हातून घण पडला. तो थरथरत होता, आणि मला चाळीस वर्षांपूर्वीचा माणूस दिसला. पण हा गप्प नाही बसला.

"दार उघडलं नाई, काका!" तो ओरडला. "मी आतून लाथा मारल्या. कळ ओढली, तुटून हातात आली. माणसं मले मारून राहिले होते आणि दार उघडत नोतं!"

"उघडलं असतं तं बाहेर ओढून मारलं असतं तुले," श्रावण म्हणाला. दात दाबून बोलत होता. "त्या दारानं तुले राखलं."

"आतमंदी मी होतो. तुमी नोते."

श्रावण खाली बसला. मी त्याच्या हाताला माझा पदर गुंडाळत होते, पदर ओला होत चालला होता. तो म्हणाला, "कळ खराब होती. मले मालूम होतं. उद्या करतो, उद्या करतो म्हणत राहिलो."

मग डाव्या हातानं त्यानं खाली पडलेला पेचकस उचलला, गाडीचं दार ओढलं आणि चालवणाऱ्याच्या पायाखालच्या पत्र्यात खुपसला. पेचकस मुठीपर्यंत गेला. ओढला तर लाल भुगा बाहेर आला. पुढे खुपसला, तिथेही तेच.

"वर ठोकून का करता? खाली पत्राच नाई. रंगानं धरून ठेवला होता," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी पायलं होतं म्या. ही रस्त्यावर चालन अशी नाई होत आता."

"मंग वर्षभर काय करून राहिले होते?" अमोल म्हणाला.

श्रावणनं पेचकसाचा भुगा मांडीला पुसला. मला वाटतं उत्तर त्याच्याकडे होतं, पण पुतण्याला सांगण्यासारखं नव्हतं.

"आज जेवू द्या तिले," तो रुख्मिणीला म्हणाला. "मंग मीच खोलतो. कटर नाई लावाचा. पेच पेच खोलीन, चांगलं तेवढं चालणाऱ्या गाडीले जाईन."

रुख्मिणीनं बोनटवर पुरणपोळीचा नैवेद्य ठेवला, घण बसला होता त्या खळग्यातच. मनोज एक पोळी हातात घेऊनच श्रावणला टेम्पोतून दवाखान्यात घेऊन गेला. सिलेंडर तसेच मागे वाजत होते.

दीड महिना हात पलस्तरात होता. गाडी खोलली ती अमोलच्या हातानं आणि श्रावणच्या जिभेनं. दुकान बंद करून अमोल संध्याकाळी यायचा. "पाना सरळ धर. सरळ म्हणलं. तुह्या बापालेबी उलटाच धरता ये." अमोलनं माफी मागितली नाही, श्रावणनं मागून घेतली नाही. पण काका-पुतण्या भिंतीच्या एकाच बाजूला रोज दोन तास एकमेकांवर ओरडत होते, आणि रुख्मिणीला मधे निरोप न्यावा लागत नव्हता. उरलेला सांगाडा मनोज घेऊन गेला. त्या दिवशी श्रावण घराबाहेर आला नाही. आतून एकदा भांडं आपटल्याचा आवाज आला, मग नाही.

बाकीचं सामान गजेंद्र येऊन घेऊन गेला होता. डिक्कीचं झाकण तेवढं राहिलं, कारण श्रावणला ते पसंत नव्हतं. पलस्तर निघाल्यावर आठ दिवस तो त्यावर बसला. मग म्हणाला, मी नेऊन देतो. दिवाळीच्या आधीची गोष्ट. मला लेकीकडे, प्राजक्ताकडे अमरावतीला जायचंच होतं, एकाच एसटीनं निघालो.

कंडक्टरनं गोधडीत गुंडाळलेलं झाकण बघितलं. "काका, हे काय, सून हाय का?"

"डिक्की हाय."

"आन् गाडी?"

"गाडी तिकडे हाय. तू तिकीट फाड."

झाकणाचं अर्धं तिकीट लागलं. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा गेलं, श्रावण एक हात त्यावर ठेवून बसून होता. जेवण विचारलं तर नको म्हणाला.

गजेंद्रचं घर बसस्टँडहून जवळ. त्याची अँबेसिडर लग्नात नवरदेवासाठी जाते, धुऊनपुसून ठेवलेली. गजेंद्रनं चहा ठेवायला सांगितलं. "काम झाल्याबिगर घेत नाई मी," श्रावण म्हणाला, आणि बसला. उजव्या हाताची बोटं नीट मिटत नव्हती. पेच दातात धरायचा, डाव्या हातानं लावायचा. गजेंद्र मदतीला वाकला तर त्याला कोपरानं सरकवलं. पाऊण तास गेला. झाकण बसलं. तो मागे सरकला, एक डोळा बारीक करून फट बघितली, परत दोन पेच सैल केले, केसभर सरकवलं, परत आवळले.

"आता आपटा," म्हणाला.

गजेंद्रनं हळूच लावलं.

"असं नाई. तुमच्या पोट्ट्यायसारखं आपटा."

त्यानं जोरात आपटलं. बसलं.

मग श्रावणनं चहा घेतला, बशीत ओतून, उभ्यानंच. निघालेले जुने पेच आणि वायसर वेचून पिशवीत टाकले. गजेंद्रला सांगितलं, "ओलं ठेवू नका. निरमा लावू नका." मी म्हटलं, प्राजक्ताकडे जेवून जा. "नाई वयनी, चारच्या गाडीले जागा भेटते." गोधडीची घडी घालून काखेत मारली, आणि स्टँडकडे निघाला.