सेहेचाळीस नंबरची दाढ

दिनानाथ गुरुजींना जन्मात एक गोष्ट जमली नाही. "माहीत नाही" म्हणणं. गास गावच्या मराठी शाळेत एकतीस वर्षं मास्तरकी केली, दोन पिढ्यांकडून पाढे घोटून घेतले, पण हे दोन शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकले नाहीत. केळीच्या पानावर डाग कसले पडले, रेशनकार्डाचा अर्ज कुठं द्यायचा, लहान पोराला रात्री उचकी का लागते, विचारा गुरुजींना! गुरुजी चष्मा कपाळावर चढवणार, घटकाभर आढ्याकडे बघणार आणि उत्तर ठोकून देणार. त्यांच्या पत्नी आनंदीबाई चहाचा कप आपटत म्हणायच्या, "अहो, एखाद्या वेळी सांगावं की ठाऊक नाही म्हणून. काही नाक कापलं जात नाही." गुरुजी नुसते हसायचे. नाक त्यांना फार प्रिय होतं.

माणूस वाईट होता का? छे हो! पावसाळ्यात ओढा भरला की पोरांना खांद्यावर बसवून पलीकडे सोडणारा माणूस. कुणाचा नवरा परदेशी असला तर त्या घरची पत्रं वाचून दाखवणारा, मनीऑर्डरीचे फॉर्म भरून देणारा. पण चार माणसं ओटीवर बसली, माना डोलवायला लागली, की ह्यांच्या जिभेला हाड राहायचं नाही. तेवढंच नडलं.

१९९३च्या नोव्हेंबरात शाळेत दातांची तपासणी झाली. जवळच्या फुलपाड्यात नुकताच दवाखाना टाकलेली सुमेधा नावाची तरुण डॉक्टरीण स्वतः होऊन आली. व्हरांड्यात पोरं ओळीनं उभी केली, बॅटरी आणि इवलासा आरसा घेऊन एकेकाचं तोंड बघितलं. जिथं कीड दिसली त्या पोराच्या हातात चिठ्ठी. चिठ्ठीवर नाव, पुढं इंग्रजीत एक आकडा आणि 'फिलिंग' एवढंच. निघताना ती गुरुजींना म्हणाली, "सर, हे आकडे कसे वाचायचे ते सांगून ठेवू का? पालक तुम्हालाच विचारतील."

"छे, छे! त्याची काही गरज नाही," गुरुजी म्हणाले. पुढं आयुष्यभर ते वाक्य त्यांच्या कानात वाजत राहिलं, पण त्या दिवशी ते सहज बोलून गेले आणि फाटकापर्यंत तिला सोडून आले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मटिल्डा आली. वाडीत राबणारी, नवरा कुवेतला, पदरी थोरला पीटर आणि दुसरीतली ग्रेसी. ग्रेसी सात वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले, आईचा पदर धरून उभी. ओटीवर आधीच पाचसहा जण चिठ्ठ्या घेऊन बसले होते.

"गुर्जी, हिचं काय करू तुमीच सांगा," मटिल्डा म्हणाली. "डाक्टरीण म्हंते दाढ भरायला पायजे. पन पोरीला दुखत तर नाय."

गुरुजींनी चिठ्ठी हातात घेतली. सेहेचाळीस, फिलिंग. सेहेचाळीस म्हणजे काय, हे त्यांना कणभरही कळलं नाही. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. चष्मा कपाळावर गेला.

"मटिल्डाबाई, माणसाला दात किती? बत्तीस! मग डॉक्टरीणबाईंनी हा सेहेचाळीसावा कुठून पैदा केला? शेजारणीचेही मोजले की काय?"

ओटी हसली. गुरुजींना चेव आला. "अहो, दुधाचे दात हे. आज ना उद्या पडणारच. भाड्याच्या खोलीला कोण रंग देतो?"

आता तर हशाच पिकला. कारण त्या वर्षांत गावात घरोघर मागच्या अंगणात खोल्या काढून मुंबईच्या बिऱ्हाडांना दिल्या होत्या, आणि खोलीला रंग कोण देणार ह्यावरून दर दिवाळीला भाडेकरूशी वाद ठरलेला. वाक्य असं फिट्ट बसलं की विचारू नका. ग्रेसीसुद्धा हसली, सगळ्यांत मोठ्यानं. आपण कशाला हसतोय ते तिला कळलं नव्हतं.

मटिल्डा तेवढी हसली नाही. ती चाचरत म्हणाली, "पन गुर्जी, ही दाढ आत्ताच आलीय. आदी तिथं काय नव्हतं."

बघा, त्या न शिकलेल्या बाईनं बरोबर हेरलं होतं! पण गुरुजी आता थांबतात कसले?

"अहो, जन्मली तेव्हा तिच्या तोंडात एकही दात नव्हता. मग काय सगळेच भरायचे?"

मटिल्डा ओशाळली. चिठ्ठीची घडी करून तिनं कमरेला खोवली आणि पोरीला घेऊन घरी गेली. गुरुजींचं ते वाक्य आठ दिवसांत गावभर झालं. सतरा चिठ्ठ्यांतल्या बहुतेक चुलीत गेल्या. त्यातले बरेच दात खरोखरच दुधाचे होते, दुखून खुपून का होईना, पडून गेले, आणि लोक म्हणाले, बघा, गुरुजी बोलले तसंच झालं.

ग्रेसीची दाढ पडली नाही. पुढच्या गणपतीनंतर ती ठणकायला लागली. लवंग झाली, हळद-मीठ झालं. मग गाल सुजला, ताप चढला, आणि एके सकाळी जबड्याच्या कडेला, गालाखाली, कातडी फुटून पू आला. मटिल्डा पोरीला कडेवर घेऊन धावत गुरुजींच्या दारात. आठ वर्षांची पोर कडेवर! गुरुजींनी सदरा चढवला, रिक्षा आणली आणि दोघींना घेऊन थेट फुलपाडा गाठलं. चांगला माणूस होता, म्हटलं ना.

सुमेधा डॉक्टरनी बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. औषधं देऊन ताप उतरवला, चार दिवसांनी परत बोलावून दाढ काढली. काढल्यावर ती कापसावर ठेवून म्हणाल्या, "ही पक्की दाढ होती. सहाव्या वर्षी येते, दुधाच्या दाढांच्या मागं. कुठलाच दात न पडता येते, म्हणून लोकांना ती दुधाचीच वाटते. आता हिच्या जागी दुसरी येणार नाही."

"पण तो सेहेचाळीस..." गुरुजींच्या तोंडून निघून गेलं.

"चार म्हणजे खालचा उजवा कोपरा. सहा म्हणजे मधल्या फटीपासून सहावी. दुधाची असती तर ऐंशीच्या पुढचा आकडा घातला असता ना मी." आणि मग डॉक्टर मटिल्डाकडे वळल्या. "मी चिठ्ठी दिली होती ना हो? कीड तेव्हा एवढीशी होती. अर्ध्या तासाचं काम, चांदी भरून दिली असती. भरू नका म्हणून सांगितलं कुणी?"

मटिल्डानं गुरुजींकडे बघितलं. गुरुजींनी भिंतीवरच्या जबड्याच्या चित्राकडे बघितलं. नवऱ्याची पत्रं वाचून देणारा माणूस, गावात मान असलेला माणूस, त्याला परक्या बाईसमोर खाली कसं पाडायचं? मटिल्डानं त्याला पाडलं नाही. ती पोरीवर खेकसली, "ही चोरून साखर खाते, डाक्टर! हावरट मेली. खा अजून साखर!"

ग्रेसीच्या तोंडात कापूस होता. तिला बोलता येत नव्हतं. ती गुरुजींकडे बघत राहिली, वर्गात कुणी खोटा आळ घातला की मुलं बघतात तशी.

आणि गुरुजी म्हणाले, "हो. साखर वाईटच. खाऊ नये, बाळ."

एवढंच. चुकीचा सल्ला देणारे जगात कमी आहेत का? त्याची माफी असते, न कळून झालं म्हणता येतं. पण हे वाक्य कळून बोललेलं होतं, आणि ते गुरुजींना घरी परतताना रिक्षातच समजलं होतं.

त्यानंतर गुरुजी बदलले ते बदललेच. दर जूनला वर्गावर्गात जाऊन पोरांना "आ" करायला लावायचे आणि चमच्याच्या दांड्यानं मोजायचे, मधल्या फटीपासून सहावी. काळा ठिपका दिसला की पालकांच्या मागं हात धुऊन लागायचे. ऐकलं नाही तर स्वतः पोराला घेऊन फुलपाड्याला. भाड्याच्या खोलीचं वाक्य कुणी काढलं तर अंगावर धावून जायचे. पोरं त्यांना दातवाले गुरुजी म्हणायला लागली. निवृत्त झाले तेव्हा गावानं शाल-नारळ दिला, पुढाऱ्यानं भाषणात सांगितलं, गुरुजींनी शेकडो दाढा वाचवल्या. टाळ्या पडल्या. गुरुजी खाली मान घालून बसले, लोकांना तो विनय वाटला.

ग्रेसी त्याच शाळेत सातवीपर्यंत होती. गालाखालची जखम भरली, पण तिथं खड्डा राहिला. हसली की तो खोल व्हायचा. लोक म्हणायचे, काय गोड खळी पडते हो पोरीला! गुरुजींच्या काळजात दर वेळी चर्र व्हायचं. संक्रांतीला ते वर्गात तिळगूळ वाटायचे. ग्रेसी हात पुढं करायची, घ्यायची आणि शेजारणीला देऊन टाकायची. गुरुजींनी ते दर वर्षी बघितलं. सांगू, उद्या सांगू, असं म्हणत दर वर्ष गेलं. मटिल्डा होती तोवर तिच्यासमोर कसं सांगायचं, आणि ती वारल्यावर आता कशाला उकरायचं. मनाला समजवायला कारणं कमी पडत नाहीत.

२००९ची संक्रांत. आनंदीबाई ताटलीत तिळाच्या वड्या घेऊन ओटीवर बसल्या होत्या. फाटक वाजलं. ग्रेसी आली होती, बावीस वर्षांची, नालासोपाऱ्यात एका दुकानात नोकरीला, नुकतंच लग्न ठरलेली. बोटाला धरून भावाची, पीटरची मुलगी उन्नती, पहिलीतली.

"गुरुजी, ऐका गंमत!" ग्रेसी हसतच चढली. "हिच्या शाळेत दातांचे डॉक्टर आले होते, चिठ्ठी दिलीय. छत्तीस नंबर! मला एकदम तुमचंच आठवलं. बत्तीस दातांत छत्तीसावा आला कुठून? आणि ते दुसरं काय होतं, रागावू नका हं, भाड्याच्या खोलीला कोण रंग देतो! दुधाचीच असेल ना हो ही?"

गुरुजी उठून आत गेले. चमचा आणला, पोरीला उजेडाकडे वळवलं, मोजलं. डावीकडे खाली, सहावी. काळा ठिपका होता, एवढासा.

"पक्की आहे. आजच भरून घे," ते म्हणाले.

"बापरे! बरं, नेते." ग्रेसीचं हसू मावळलं. तेवढ्यात आनंदीबाईंनी पोरीपुढं ताटली धरली. उन्नतीनं हात लांबवला, आणि ग्रेसीनं तो चापट मारून मागं ओढला. "नाही म्हटलं ना! हावरट कुठली. खा अजून साखर, म्हणजे माझ्यासारखी होशील. माझी तर हिरडीच सडली, दात परत आलासुद्धा नाही."

पोरीनं हात पाठीमागं नेला. ती गुरुजींकडे बघायला लागली.

तीच नजर. ह्या वेळी भिंतीवर चित्र नव्हतं.

"ग्रेसी," गुरुजी म्हणाले, "तुझी दाढ साखरेनं नाही गेली. कीड सगळ्यांच्याच दाढेला लागते, तुझ्या दाढेलाही लागली होती. भरली असती तर आज तोंडात असती. पक्की होती ती. तुझी आई भरायला निघाली होती, मीच अडवलं. मला तो आकडा वाचता येत नव्हता, ग. चारचौघांत हसं व्हायला नको म्हणून मी ती थट्टा केली."

ग्रेसीचा हात गालाकडे गेला. खळीवर बोट ठेवून ती तशीच उभी राहिली.

"म्हणजे ते माझ्यामुळं नव्हतं?" ती म्हणाली.

"नाही, बाळ."

"पण आई म्हणायची..."

"आई माझी लाज राखत होती. आणि मी राखू दिली."

"मी चोरून साखर कधीच खाल्ली नव्हती, गुरुजी. एकदासुद्धा नाही." तिचा आवाज आठ वर्षांच्या पोरीसारखा झाला. "पण तुम्हीही हो म्हणालात. मग मला वाटलं, खाल्ली असेल. झोपेत खाल्ली असेल. देवाला सांगितलं मी, परत गोड खाणार नाही म्हणून. वाढदिवसाचा केक नाही खाल्ला आजवर. आई गेली तेव्हासुद्धा तिची माफी मागितली मी, तुला तेवढा त्रास दिला म्हणून."

आनंदीबाईंनी ताटली खाली ठेवली आणि तोंडाला पदर लावला.

"तुम्ही तर रोज भेटत होतात," ग्रेसी म्हणाली. "रोज शाळेत भेटत होतात. का नाही सांगितलंत?"

गुरुजींना आयुष्यात पहिल्यांदा मनापासून वाटलं, म्हणावं, माहीत नाही. आणि नेमकं ह्याच प्रश्नाचं उत्तर त्यांना पुरतं माहीत होतं.

"लाज वाटली," ते म्हणाले.

ग्रेसीनं चिठ्ठी उचलून पर्समध्ये टाकली. आनंदीबाईंनी उठून उन्नतीच्या हातात एक वडी ठेवली, ग्रेसीनं अडवलं नाही. मग त्यांनी दुसरी वडी ग्रेसीच्या मुठीत कोंबली आणि वरून आपला हात दाबला. दर वर्षी त्या "गोड बोला" म्हणायच्या, आज त्यांना ते म्हणवलं नाही.

"दवाखाना कितीला उघडतो?" ग्रेसीनं विचारलं.

"पाचला," गुरुजी म्हणाले. "मी येऊ का बरोबर?"

"नको."

दोघी फाटकातून बाहेर पडल्या. उन्नती वडी चावत उड्या मारत चालली होती. ग्रेसीची मूठ अजून मिटलेलीच होती. गुरुजी चष्मा नीट लावून ओटीच्या कडेपर्यंत आले, पण केळींच्या आड रस्ता वळला, आणि तिनं ती वडी खाल्ली की नाही, ते त्यांना दिसलं नाही.