लाल फडक्यातलं शस्त्र

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, मधे हसलात तर मी पुढचं सांगणार नाही! कारण त्या दिवशी माझी नोकरी, माझा इथला कामाचा पास आणि माझ्या सासऱ्यांचा जीव, तिन्ही एका लाल फडक्यात गुंडाळलेली होती. निदान मला तरी तसं वाटत होतं.

सासरे म्हणजे केतकीचे बाबा. मूळचे सांगलीकडचे, सध्या दोन महिन्यांसाठी आमच्याकडे परदेशात, जुरोंग ईस्टच्या फ्लॅटवर. माणसाने लेकीकडे येताना काय आणावं? लोणचं, मेतकूट, फार तर पुरणयंत्र. यांनी आणला शिकारीचा सुरा! चेक-इनच्या बॅगेत, धोतरात गुंडाळून. का, तर म्हणे, "मी इकडे आल्यावर तिकडे त्याला तेल कोण लावणार?"

म्हशीच्या शिंगाची मूठ, ट्रकच्या पाट्याचं पातं. त्यांच्या थोरल्या भावाने, अण्णांनी, गावच्या लोहारापुढे बसून घडवून घेतलेला. दोघे भाऊ तो घेऊन एकदाच रानडुकराच्या मागे गेले आणि मग रानडुक्कर यांच्या मागे आलं. झाली शिकार! पुढे आयुष्यभर त्या सुऱ्याने फक्त फणस फोडले. पण अण्णा गेले, आणि बाबा म्हणतात, मूठ धरली की अजून अण्णाचा हात हाताला लागतो. त्यावर मात्र मी कधी चेष्टा करत नाही.

तर आली खंडेनवमी. रविवारी बाबांनी पाटावर सुरा मांडला, शेजारी माझा लॅपटॉप. मी आतल्या खोलीत ऑफिसच्या कॉलवर, बाहेर आलो तो थेट प्रसादाला. "पूजलेलं शस्त्र उघडं ठेवायचं नसतं," असं बाबांनी बजावलेलं तेवढं ऐकलं. सोमवारी सकाळी केतकीने घाईघाईत पूजा उचलली, लॅपटॉप फडक्या-बिडक्यासकट माझ्या बॅगेत कोंबला आणि मी कंपनीची बस पकडली.

बसमध्ये चष्मा पुसायला कापड शोधत बॅगेत हात घातला. हाताला काय लागलं? लाल फडकं! वर कुंकू. आत लांब कडक मूठ, पुढे सपाट, रुंद धातू. मी ते तसंच आत ढकललं.

बस कुठे चाललेली? जुरोंग आयलंडला! रिफायनऱ्यांचं बेट, जिथे काडेपेटीसुद्धा चालत नाही. गेटवर पास बघतात, बॅग बघतात. शेजारी सहकारी बसलेला, त्याच्यासमोर गाठ सोडून बघायची माझी छाती होईना. केतकी मीटिंगमध्ये. बाबांना फोन लावला.

"बाबा, सुरा जागेवर आहे का बघा ना जरा."

"थांबा हं, मंदारराव." कपाट उघडल्याचा आवाज. "अहो, नाहीये! चोरी झाली की काय?"

"नाही नाही, माझ्याकडे आलाय. चुकून. पण बाबा... तो बहुतेक जप्त होईल."

कपाटाचं दार लागल्याचा आवाज. मग हळू आवाजात, "अण्णाचा आहे हो तो."

खरं सांगतो, मला रडू यायचं बाकी होतं. लपवला आणि सापडला तर संपलंच. आपणहून कबूल केलं तर निदान सुरा परत मिळेल, असा मी विचार केला. गेट आलं. गार्ड चढला. मी उभा राहिलो आणि घसा खाकरून म्हणालो, "सर, आय हॅव अ नाइफ."

बसमधली सगळी डोकी माझ्याकडे वळली!

"व्हॉट नाइफ?"

"हंटिंग नाइफ, सर. फॉर वर्शिप."

त्या 'वर्शिप'ने घात केला. चाळीसच्या चाळीस माणसं खाली उतरवली. हातमोजे घातलेला सुपरवायझर आला, दोन गार्ड माझ्या दोन्ही बाजूंना. माझी बॅग टेबलावर. सुपरवायझरने अलगद गाठ सोडली, एक पदर, दुसरा पदर...

उलथनं!

आमचं पोह्यांचं, स्टीलचं उलथनं! हळदकुंकू लावलेलं, अक्षतांसकट.

सुपरवायझरने ते उलटंपालटं करून बघितलं. "सर, धिस वन हंट व्हॉट, आह? एग?"

तेवढ्यात फोन. बाबा! आनंदाने ओरडतच, "मंदारराव, सापडला! स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये होता, उलथन्याच्या जागी! केतकीने काल आपलंही शस्त्र पूजेला ठेवलं होतं ना, दोन्ही फडकी सारखीच. ते उलथनं तेवढं कुठे दिसत नाही बघा."

बस पाऊण तास उशिरा सुटली. कुणी मला एक शब्द बोललं नाही. बोलणार कसे? त्या सगळ्यांना साडेनऊला माझ्याच वर्गात बसायचं होतं. मी तिथला सेफ्टी ऑफिसर. आणि त्या दिवशीचा विषय होता: भोंगा वाजवण्याआधी स्वतःच्या डोळ्यांनी खात्री करा.