जुना मुलींना, नवा मला

लॅपटॉप घ्यायला मी तुमसरला गेले, तेव्हा दुकानदार आधी रंग दाखवायला लागला. चंदेरी, निळा, गुलाबी. मी म्हटलं, भाऊ, मला मिरवायचा नाही, बडवायचा आहे.

मी झाडीपट्टीतल्या नाटकांच्या संहिता टाइप करून देते. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, पाहुण्यांनी घरं भरतात आणि रात्री नाटक होतं. नटांना तालमीला वेळ थोडा, त्यामुळे आतून प्रॉम्प्टर वाक्यं पुरवतो आणि त्याच्या भरवशावर नाटक पार पडतं. त्या प्रॉम्प्टरची मोठ्या, ठळक अक्षरांतली प्रत माझ्या हातची असते. लेखक हाताने लिहिलेल्या पानांचे फोटो मोबाईलवर पाठवतो आणि मी ती उतरवून काढते.

दुकानात मी उभ्याउभ्याच एका लॅपटॉपवर नाटकातलं वाक्य टाइप करून पाहिलं : 'मी जिवंत असेपर्यंत या घरातून कोणी बाहेर पडणार नाही.' दुकानदाराने ते वाचलं आणि तो जरा मागेच सरकला. मी एकेक करून सगळ्यांवर तेच वाक्य बडवलं. एकाची बटणं पापडासारखी, एकाचा पडदा हातभर लांबून दिसेना. शेवटी एक जाडजूड, काळा, दिसायला अगदीच सामान्य असा निवडला. बटणं दणकट होती आणि बॅटरी दिवसभर चालेल म्हणाला. आमच्या सिहोऱ्याकडे लाईन कधी जाईल आणि कधी येईल याचा नेम नाही, त्यामुळे मला बॅटरीच हवी होती.

माझ्या जुन्या लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेली होती. तो फक्त चार्जर लावल्यावर चालायचा. पण मुलींना तो सोन्याहून पिवळा होता. जुना मुलींना, नवा मला, असं उन्हाळ्यापासून ठरलेलं. थोरली अकरावीत. तिला डॉक्टर व्हायचंय. परीक्षा देऊन तिने एका फुकट ऑनलाइन वर्गात जागा मिळवली होती. दसऱ्यानंतर वर्ग सुरू होणार, आठवड्याची टेस्ट लॅपटॉपवरच द्यायची आणि पहिली टेस्ट चुकली की नाव बाद. नवा घरी आला त्या दिवशी तिने जुन्याच्या बटणांच्या फटी कापसाने पुसल्या, झाकणावर निळ्या फुलाचं चित्र चिकटवलं. धाकटी सहावीत. तिने रविवार आपल्या नावावर करून घेतला. मी एवढी खूश होते की दोन दिवस कोणावर ओरडले नाही, आणि हे आमच्या घरात लक्षात राहण्यासारखं आहे.

मग दसरा आला.

माझे मिस्टर राईस मिलमध्ये मशीनवर आहेत. दसऱ्याला मिलमध्ये नव्या मशीनसमोर नारळ फोडतात आणि त्याचं पाणी मशीनवर सोडतात. लोखंडाला त्याने काही होत नाही. घरी त्यांनी पाटावर विळे ठेवले, त्यांचा पाना ठेवला, दोन्ही लॅपटॉप ठेवले. हळद-कुंकू वाहिलं, झेंडूची फुलं वाहिली. मी स्वयंपाकघरात पुऱ्या तळत होते. नारळ फुटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ धाकटीची किंकाळी.

मी धावले. नवा लॅपटॉप उघडा होता. पाणी आत नीट पोचावं म्हणून त्यांनी मुद्दाम उघडला होता. नारळाचं पाणी बटणांमधून झिरपत होतं. पडदा एकदा लुकलुकला आणि काळा झाला.

"हे काय करून राहिले तुम्ही?" मी ओरडले. झाऱ्या हातातच होता.

"अवं, नव्या मशीनीले पानी द्या लागते ना," ते म्हणाले. त्यांच्या हातात नारळाची कवड तशीच होती. "जुन्याले नाही देल्लं. जुन्याले कायले द्याचं?"

मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. ते नंतर मागच्या अंगणात जाऊन बसले आणि जेवायलाही आले नाहीत. त्यांनी ते मायेने केलं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. त्याने तर माझा राग अजूनच वाढत होता, कारण तो ठेवायला जागाच उरली नव्हती.

तांदळात पुरून ठेवा, असं कोणीतरी फोनवर सांगितलं. धानाच्या मुलखात तांदळाला काय तोटा? कोठीत पुरला. बाहेर काढला तर फटींमध्ये तांदळाची कणी अडकलेली आणि लॅपटॉप होता तसाच गार. दुरुस्तीवाल्याने उघडून पाहिला आणि नुसती मान हलवली. त्यात झालेले नाटकाचे दोन अंक गेले. तिकडून नाटक मंडळीचे मॅनेजर दिवसातून तीनदा फोन करायला लागले. तालीम अडली आहे, ताई. प्रत कधी? मी खोटं सांगायला लागले. झालीच आहे म्हणायचे आणि फोन ठेवून भिंतीकडे पाहत बसायचे. एक मंडळी तुटली की दुसऱ्याही तुटतात. पुढल्या मोसमात मला कोण विचारणार?

जुना मी परत मागून घेतला नाही. मागायची हिंमतच होत नव्हती. संध्याकाळी लाईन असायची तेव्हा थोरली वर्गाला बसायची, तिचा वर्ग संपला की मी बसायचे, आणि तासाभरात लाईन जायची. पहिला अंक पुन्हा टाइप झाला, दुसरा अर्धा राहिला. मॅनेजर म्हणाले, उद्या सकाळी प्रत नाही मिळाली तर आम्ही दुसरीकडे देतो.

त्या संध्याकाळी थोरलीची पहिली टेस्ट होती. मी चुलीपाशी डोकं धरून बसले होते. तिने लॅपटॉप आणून माझ्या टेबलावर ठेवला, चार्जर लावला.

"तू कर तुयं, आई. टेस्ट पुढं ढकलली."

"खरंच?"

"हो ना. आताच मेसेज आला."

मी तिच्या तोंडाकडेही पाहिलं नाही. हात आपोआप बटणांवर गेले. देवाच्या कृपेने लाईन गेली नाही आणि सकाळी प्रत गेली.

चार दिवसांनी धाकटीशी कशावरून तरी माझं भांडण झालं आणि ती रागारागात बोलून गेली, "ढकलली-बिकलली काही नव्हती टेस्ट! ताईचं नाव काटलं!"

मी थोरलीकडे गेले. ती ओसरीवर धाकटीची वही तपासत होती. मला वाटलं, आता ही रडेल, आदळआपट करेल, माझीच लेक आहे. ती म्हणाली, "जाऊ दे ना, आई." आणि पुन्हा वहीत पाहायला लागली.

नाटक झालं, चांगलं झालं, मॅनेजरने पुढच्याही दोन संहिता दिल्या. जुना लॅपटॉप माझ्याच टेबलावर आहे. झाकणावरचं निळं फूल कोणीतरी नखाने खरडून काढलंय, डिंकाचा डाग तेवढा राहिला. परवा मी तिला म्हटलं, मोसम संपला की आपण दोघी तुमसरला जाऊ, या वेळी नवा तू निवड, नवाच तुला.

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुले लागते तो घे, आई. मले आता नोको."