आर्लीनच्या कार्डावरचं दुसरं नाव

१२ ऑक्टोबर २०१५. ९,६१४ डॉलर ३८ सेंट.

एवढी बाकी त्या दिवशी आर्लीन ड्युडेकच्या क्रेडिट कार्डावर होती. त्यातले तिने स्वतः खर्च केलेले म्हणजे मागच्या दाराच्या नव्या कुलपाचे एकेचाळीस डॉलर. बाकीचा सगळा खर्च तिची धाकटी बहीण डोरीन हिने मुलीच्या लग्नात केला होता. हॉल, बँड, आणि चर्चपासून हॉलपर्यंतच्या दहा मिनिटांसाठी भाड्याने आणलेली पांढरी लांबलचक गाडी. लग्न जूनमध्ये झाले. पैसे उन्हाळा संपेपर्यंत परत येणार होते.

आर्लीन अमेरिकेच्या उत्तरेकडच्या चीकटोवागा गावात राहते. घराच्या पुढच्या भागात तिचे केशकर्तनाचे दुकान आहे. दोन खुर्च्या, केस वाळवायची दोन यंत्रे, आणि गिऱ्हाइके बहुतेक चर्चमधल्या बायका, ज्यांची डोकी ती तीस वर्षे ओळखते. मी वरच्या मजल्यावर १९९१ पासून भाड्याने राहतो. नळाच्या सामानाच्या एका घाऊक कंपनीत हिशेबाचे काम करतो आणि दोन वर्षांत निवृत्त होईन. आर्लीन माझे केस फुकट कापते, मी तिचे कराचे कागद भरून देतो. या व्यवहारात कुणी कुणाचे देणे लागत नाही.

आमच्या भागात पूर्वी एक पद्धत होती. थोरल्याने कार्ड घेतले की धाकट्या भावंडाचे नाव त्यावर लावून द्यायचे. बँक धाकट्याच्या नावाने वेगळे कार्ड पाठवते. खर्च तोही करू शकतो, पण फेडायची जबाबदारी थोरल्याची. कार्ड वेळेवर फेडले जात असेल तर चांगली पत दोघांच्याही नावे जमते. ड्युडेक बहिणींची आई १९८९ मध्ये गेली. त्याच वर्षी आर्लीनने डोरीनचे नाव आपल्या कार्डावर लावले. पुढची सव्वीस वर्षे डोरीनने ते कार्ड पाकिटाच्या मागच्या कप्प्यात ठेवले, आणि मग एका वसंतात बाहेर काढले.

ऑक्टोबरमध्ये आर्लीनने बहिणीला फोन केला तेव्हा मी तिथेच होतो, मानेभोवती कापड गुंडाळून.

"डोरीन, उन्हाळा संपला."

फोन स्पीकरवर होता. "हो ना, किती पटकन गेला. जीनने बोटसुद्धा झाकून ठेवली." जीन म्हणजे तिचा नवरा.

"बोटीचं नाही विचारलं मी. पैशांचं विचारलं."

"अगं, त्याचं काय एवढं? कार्ड तुझं आहे ना? थोडं थोडं भरत राहा. बँकेला काही घाई नसते."

आर्लीनने बँकेत फोन केला. तिथल्या बाईंनी अर्धा तास थांबवून अतिशय अदबीने तेच सांगितले. कार्ड तुमचं आहे, मॅडम.

व्याज सव्वीस टक्के होते, म्हणजे महिन्याला दोनशे आठ डॉलर. आर्लीन केस कापायचे चौदा डॉलर घेते. "पंधरा डोकी," ती म्हणाली. "महिन्यातली पंधरा डोकी मी नुसती बँकेसाठी भादरते."

बाकी हलवायचे कार्ड घे, असे मीच सुचवले. इथे निम्मी पोस्टपेटी त्याच जाहिरातींनी भरलेली असते. जुन्या कार्डावरचे कर्ज नव्या बँकेच्या कार्डावर न्यायचे, तीन टक्के हाताळणीखर्च द्यायचा, आणि मग दीड वर्ष व्याज नाही. दीड वर्षात आर्लीनने हळूहळू सगळे फेडले असते.

पहिल्या बँकेने नकार दिला. कारण, असलेल्या कार्डावरची बाकी मर्यादेच्या फार जवळ आहे. मर्यादा दहा हजारांची होती. दुसऱ्या बँकेने नकार दिला, उत्पन्न अपुरे. तिसरीने सांगितले की अर्जदाराने अलीकडे फार अर्ज केले आहेत. बँका माणसाची पत ज्या गुणांनी मोजतात ते गुण प्रत्येक अर्जागणिक चार-पाचने घसरत होते, आणि घसरलेल्या गुणांमुळे पुढचा अर्ज आणखी अवघड होत होता.

चौथे कार्ड एका किराणा दुकानाच्या नावाचे होते. ते मंजूर झाले. आर्लीनने त्या दिवशी मला पिएरोगी, म्हणजे बटाट्याच्या पोलिश करंज्या, खाऊ घातल्या. दुसऱ्या दिवशी बाकी हलवायला फोन लावला तर तीच वाट पाहायला लावणारी सुरावट, आणि शेवटी त्याच बाई. किराणा दुकानाचे नाव पुढे होते, मागे बँक जुन्या कार्डाचीच होती, आणि एकाच बँकेच्या दोन कार्डांत बाकी हलवता येत नाही.

"ज्याच्यावर कर्ज नाही त्यालाच कर्ज हलवायचं कार्ड देतात का रे हे लोक, वॉल्ट?"

"साधारण तसंच."

"मग तो काय हलवणार? फर्निचर?"

इथपर्यंत आर्लीनला फक्त सुटका हवी होती. ते बदलले नोव्हेंबरमधल्या शनिवारी, अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये, मांसाच्या सोडतीला. आम्ही दर वर्षी एकाच टेबलावर बसतो. प्रत्येकजण एकेक डॉलरच्या नोटांची गड्डी आणतो, बर्फाची पेटी टेबलाखाली ठेवतो, चक्र फिरते, आणि ज्याचा आकडा येतो तो बेकन किंवा डुकराची मांडी घेऊन परततो. आर्लीन त्या दिवशी एक फेरी सोडून खेळत होती.

कुणीतरी विचारले, काय आर्लीन, आज हात आखडता?

तिच्याआधी डोरीन बोलली. "बिचारीला त्रास देऊ नका. पैसे सांभाळणं आमच्या आर्लीनला कधी जमलंच नाही. हल्ली कार्डासाठी बँकाबँकांतून हिंडते, कुणी दारात उभं करत नाही. मी जीनला म्हटलं, वय झालं की काही लोकांचं असं होतं."

टेबलावर दहाजण होते. आर्लीनने पुढच्या फेरीला एक डॉलर ठेवला, त्याच्या पुढच्या फेरीला आणखी एक, आणि हॉल सुटेपर्यंत एकही फेरी सोडली नाही.

परत येताना गाडी मी चालवत होतो. आर्लीन म्हणाली, "वॉल्ट, मला आता ते कार्ड नको."

"अजून एक बँक आहे, बघू या."

"नको. मला आता डोरीन पाहिजे."

हिवाळाभर तिने काहीच केले नाही. कमीत कमी हप्ता वेळेवर भरत राहिली, त्यामुळे बाकी जागची हलली नाही. बहिणीशी गोड बोलली. नाताळला तिला हातमोजे दिले. मी विचारले, काय ठरवलंयस? ती म्हणाली, काही नाही, तिला माझ्याकडे यायची गरज कधी ना कधी पडेलच, आणि रंग लावला की दोन आठवड्यांत तिच्या केसांची मुळं पांढरी दिसतात.

गरज पडली फेब्रुवारीत. डोरीन रंग लावायला आली. मी भिंतीशी बसून माझ्या पाळीची वाट पाहत होतो. दुसऱ्या खुर्चीच्या बाजूला, वाळवायच्या यंत्राखाली जिनिव्हीव बाई होत्या. त्यांना यंत्राखालीही सगळे ऐकू येते. आर्लीनने बहिणीच्या डोक्यावर रंगाचे पट्टे लावले, चंदेरी कागदात एकेक बट गुंडाळली, आणि डोरीन पुरती अडकल्यावर मगच विचारले, "फ्लोरिडात घर घ्यायचं कुठवर आलं?"

"त्यासाठीच तर... आर्लीन, एक छोटंसं काम होतं. घर बघितलंय आम्ही, छान आहे, मागे तळं आहे. कर्ज देणारा माणूस म्हणतो की सगळं ठीक आहे, फक्त तुझ्या कार्डामुळे माझे गुण खाली आलेत. ते काठोकाठ भरलंय ना. मार्चअखेरपर्यंत दोन हजारांवर आणशील?"

"माझ्या कार्डामुळे तुझे गुण कसे खाली येतील?"

"माझं नाव आहे ना त्याच्यावर."

"अच्छा. तुझं नाव आहे त्याच्यावर."

आर्लीन ब्रश धुवायला लागली. "सोपं आहे मग. नाव काढून टाकते. एक फोन."

"चालेल की. उत्तम."

इथे मला राहवले नाही. "डोरीन, तुझ्या एकटीच्या नावावर दुसरं काही आहे का? कार्ड, गाडीचं कर्ज, काहीही?"

"सगळं जीनच्या नावावर असतं. का?"

"कारण नाव काढलं की बाकी जाईल, आणि तिच्याबरोबर सव्वीस वर्षांची पतही जाईल. मग बँकेच्या लेखी तू काल जन्मलीस."

"मग जीन एकटा घेईल कर्ज."

"जीनची पेन्शन पुरेल?"

ती पुरत नव्हती. डोरीन दंतवैद्याकडे स्वागतकक्षात काम करते, तो पगार धरल्याशिवाय ते घर येत नव्हते. तिने आरशातून आर्लीनकडे पाहिले. "तू भर ना थोडे, आर्लीन. मी देईन नंतर."

"मी कुठून भरू? मला पैसे सांभाळता येत नाहीत. सगळ्या टेबलाला माहीत आहे."

"हे तू मुद्दाम करतेयस."

"मी काहीच करत नाहीये. कार्ड माझं आहे, मी थोडं थोडं भरतेय. बँकेला काही घाई नसते."

डोरीन उठायला गेली. आर्लीनने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "बस. अजून वीस मिनिटं. आत्ता धुतलंस तर नारिंगी होशील."

ती वीस मिनिटे डोरीन चंदेरी कागदांचे डोके घेऊन बसली. जिनिव्हीव बाईंचे केस केव्हाच वाळले होते, पण त्या यंत्राखालून उठल्या नाहीत. रंग मात्र सुरेख बसला. आर्लीनने त्यात काही कमी केले नाही. खराब डोके दारातून बाहेर गेले असते तर नाव दुकानाचे गेले असते.

दुसऱ्या दिवशी आर्लीनने कार्डावर दुकानासाठी नवी खुर्ची घेतली, वरखाली होणारी, तीनशे एकोणपन्नास डॉलरची. कार्डावर जागा तेवढीच उरली होती. तिचे स्वतःचे गुणही खाली गेले असतील. मी तसे म्हणालो.

"जाऊ देत. मला कोण देतंय कार्ड?"

पुढच्या आठवड्यात डोरीनचा नवरा जीन आला. टोपी हातात धरून दारात उभा राहिला. "तिने मला सांगितलं होतं की लग्नाचा खर्च ही तुमची भेट होती," तो म्हणाला. "मी आभाराचं पत्रही लिहायला सांगितलं होतं तिला."

"मिळालं नाही," आर्लीन म्हणाली.

"नसेलच मिळालं." त्याने टोपी डोक्यावर चढवली. "बोट विकतो मी."

बोट विकून पैसे आले तेव्हा डोरीनला चेक पाठवून मोकळे व्हायचे होते. आर्लीनने ते मानले नाही. शनिवारी ये, म्हणाली, अकरा वाजता. शनिवारी अकराला दुकानात बसायला जागा नसते. नोव्हेंबरमधल्या त्या टेबलावरच्या चार बायका तिथे होत्या, दोघी डोक्याला रोलर लावून. आर्लीनने बँकेचा फोन स्पीकरवर लावून काउंटरवर ठेवला, आणि डोरीनने चेकबुकावरचा खाते क्रमांक एकेक आकडा करून मोठ्याने वाचला.

"किती रक्कम भरायची, मॅडम?" फोनमधल्या बाईंनी विचारले.

डोरीनने हळू आवाजात सांगितले.

"आवाज येत नाहीये, मॅडम."

"नऊ हजार नऊशे अठ्ठावन्न डॉलर बारा सेंट."

"खुर्चीसकट?" एका बाईने रोलरखालून विचारले.

"खुर्चीसकट," आर्लीन म्हणाली. "व्याज धरलं तर खुर्ची स्वस्तात पडली तिला."

घराचा व्यवहार पुरा होईपर्यंत नाव काढणार नाही, असे आर्लीनने जीनला सांगितले होते, आणि ती शब्दाला जागली. किल्ल्या एका मंगळवारी मिळाल्या. बुधवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी तिने बँकेत फोन करून डोरीनचे नाव काढले. मी चहा पीत समोर बसलो होतो. जरा थांबायचं होतंस, मी म्हणालो. ती म्हणाली, थांबलेच होते, काल दिवसभर.

ऑगस्टमध्ये डोरीनचा फ्लोरिडाहून फोन आला. तळ्याकडच्या खोलीसाठी तिने एका दुकानाच्या कार्डावर फर्निचर घेतले होते, एकोणतीस टक्क्यांनी, आणि ती बाकी दुसरीकडे हलवायची होती.

"मला कुणी कार्ड देत नाहीये, आर्लीन. म्हणतात, कर्जफेडीचा इतिहास पुरेसा नाही. एकोणसाठ वर्षांची आहे मी."

"किती अर्ज केलेस?"

"तीन."

"चौथा करू नकोस. गुण आणखी घसरतात."

"तू तुझ्या कार्डावर परत माझं नाव..."

"गिऱ्हाईक आलंय," आर्लीन म्हणाली आणि फोन ठेवला. दुकानात माझ्याशिवाय कुणी नव्हते.

बोटीचे पैसे भरल्यानंतरच्या महिन्यात जुन्या कार्डावर मागील व्याज लागले होते, बिलाच्या तारखेपासून पैसे पोहोचेपर्यंतच्या दिवसांचे. आर्लीनने ते भरले आणि डोरीनला दोनदा कळवले. ते ६३ डॉलर ८३ सेंट डोरीनकडून अजून यायचे आहेत.