शुभेच्छुकांच्या रांगेतली नायिका

गॉगल घातलेला, हनुवटीला बोट लावलेला माणूस दिसला की मला मळमळतं. आवडनिवड म्हणून नाही सांगत, धंद्याचा आजार आहे हा. टीव्ही सेंटरजवळच्या एका छपाईच्या दुकानात मी फ्लेक्स बनवते. वाढदिवस, निवड, फेरनिवड, उद्घाटन, दहावा. दिवसभर लोकांचे चेहरे माझ्या स्क्रीनवर असतात आणि मी त्यांचे मुरूम पुसते, टकलं भरते, पोटं आत घेते. घरी गेले की आधी डोळ्यांवर पाणी मारते, मग चपला काढते.

फ्लेक्सची एक रीत आहे. ती कुणी शिकवत नाही, पण आमच्या शहरातल्या शेंबड्या पोरालाही ती वाचता येते. मधोमध सगळ्यात मोठा चेहरा असतो, तो भाऊ. खालच्या पट्टीत तिकिटाएवढे चेहरे असतात, ते शुभेच्छुक. त्या तिकिटांतही मानपान असतं. आपलं तोंड अमक्याच्या कोपराखाली का घातलं म्हणून भांडायला आलेली मोठमोठी माणसं मी पाहिलीत. एकजण तर मांडवातल्या जावयासारखा रुसून बसला होता, त्याला मीच चहा पाजला. असल्या लोकांचे चेहरे उजळून माझं घर चालतं, आणि त्याचीही मला शिसारीच आहे.

या शिसारीतूनच माझं पुस्तक निघालं. मोठ्या होत आलेल्या पोरापोरींसाठी चित्रांची कादंबरी, अद्भुत आणि गमतीची. तिच्यात एक राक्षस असतो. त्याचे जितके फोटो टांगावेत तितका तो वाढत जातो. पांढरे कपडे, हातात कडं, डोळ्यांवर गॉगल, शिंगं तेल लावून मागं वळवलेली. त्याला मारायला एकाहून एक वीर येतात, पण तलवार उपसायच्या आधी प्रत्येकजण त्याच्याबरोबर सेल्फी काढतो आणि राक्षस आणखी हातभर वाढतो. शेवटी येते एक सावळी, पुढं दात आलेली पोरगी. तिच्याकडं एकच शक्ती असते, जांभईची. ती तोंड पसरून अशी काही जांभई देते की बघणाऱ्याला जांभई आल्याशिवाय राहत नाही, मग त्याच्या शेजारच्याला, मग सगळ्या गर्दीला. सगळं नगर पेंगतं. बघणारंच कुणी उरत नाही तेव्हा राक्षस आटायला लागतो आणि शेवटी स्वतःच्या गॉगलच्या डबीत मावतो.

पोरीचं चित्र मी मनानं काढलं नव्हतं. ती माझी भाची. माझी बहीण करमाडला राहते, तिची ही मुलगी नववीत आहे. दर रविवारी बसनं माझ्याकडं यायची. तिचे दात पुढं आहेत, आणि वर्गात तिला किसणी म्हणतात. त्यामुळं तिला एक सवय लागली होती. हसताना, बोलताना, फोटोला उभं राहताना तळहात तोंडावर. बाईंना उत्तर देतानासुद्धा. मी एकदा चिडून तिला म्हटलं, हात काढ गं, हसतील त्यांचे दात दिसतील. ती म्हणाली, "मावशी, दात तर माझेच दिसतेत."

जांभईचं चित्र काढायला मला खरी जांभई देणारं माणूस हवं होतं. आधी ती नाहीच म्हणाली. मग हाताआडून दिली. हात नाही काढलास तर तोंडाच्या जागी मी बंद दारच रंगवीन, असं मी तिला दरडावलं. मग एका रविवारी दुपारच्या जेवणानंतर तिला खरीच आली. तिनं हात खाली ठेवला, डोळे गच्च मिटले आणि पडजीभ दिसेपर्यंत तोंड उघडलं. मला तिथंच जांभई आली, हातातला ब्रश चहात पडला. ती इतकी हसली की खुर्चीवरून घसरली, आणि त्या सगळ्या वेळात हात तोंडाकडं गेला नाही. त्यानंतर माझ्याकडं असताना तो कधीच गेला नाही. थोड्या दिवसांनी बहिणीचा फोन आला. पोरगी शाळेतही मोकळ्या तोंडानं बोलायला लागली होती. मी पुस्तकात आहे, नायिका आहे, पुस्तक येऊ द्या मग बघा, असं तिनं वर्गभर सांगून ठेवलं होतं. हे ऐकून मला जो आनंद झाला तो दुसऱ्या कशानं झालेला मला आठवत नाही.

पुस्तक आमच्या दुकानाचे मालकच छापणार होते. लग्नपत्रिका आणि गाईडं छापून त्यांना कंटाळा आला होता, नावापुढं प्रकाशक लागावं अशी त्यांची हौस होती. त्यांनी ते वाचलं नव्हतं. छापणाऱ्यानं वाचू नये, वाचलं की चुका दिसतात, असं त्यांचं मत आहे. कव्हर मी काढलं. मधोमध आभाळाला टेकलेला राक्षस, आणि खाली कोपऱ्यात वर बघणारी एवढीशी पोरगी, जांभईसाठी ओठ नुकते उघडलेले. एवढ्याशा पोरीची आणि एवढ्या धटिंगणाची गाठ आहे हे एका नजरेत कळावं, असा माझा विचार. दिवसभर फ्लेक्स बनवणारी बाई मी, पण माझं डोकं तेव्हा कुठं चरायला गेलं होतं कोण जाणे.

एक दिवस भाऊ आपल्या वाढदिवसाचा फ्लेक्स बघायला दुकानात आला. शहरात भाऊ पुष्कळ आहेत, हा आमच्या भागातला. राक्षसाची हनुवटी मी त्याचीच उचलली होती. खरं तर उचलावीही लागली नाही, इतक्यांदा काढलीय की ती हाताला आपोआप येते. स्क्रीनवर नेमकं कव्हर उघडं होतं. भाऊ तिथंच थांबला, गॉगल कपाळावर चढवला आणि बघत राहिला.

"ह्ये कुणी काढलंय?"

मालकांनी माझ्याकडं बोट केलं.

"लई भारी," भाऊ म्हणाला. "पण शिंगं कशापायी दिली?"

मी तोंड उघडायच्या आत मालक म्हणाले की ताकद दाखवायला, वळूला असतात तशी. भाऊला वळू पटला. मग त्यानं स्क्रीनवरच्या कोपऱ्यात बोट टेकवलं. "आन् ही खालची पोरगी कोण?"

"शुभेच्छुक हाय, भाऊ," मालक म्हणाले.

मी सांगितलं की ती नायिका आहे आणि या गोष्टीत राक्षस हरतो. भाऊ माझ्याकडं बघून मायेनं हसला. गुटख्यानं कुजलेले त्याचे ते दात मी दर फ्लेक्सवर मोत्यासारखे करून देते, त्याला कुणी कधी किसणी म्हटलेलं नाही. असू दे, पोरीबाळी पण आता आपल्या मागं उभ्या राहायला लागल्यात, असं म्हणून त्यानं वाढदिवसाला भागातल्या आणि आसपासच्या गावांतल्या शाळांना हेच पुस्तक वाटायचं जाहीर करून टाकलं. जाताना दारातल्या कुंडीत पचकन थुंकला.

तो गेल्यावर मी मालकांशी भांडले. पुस्तक परत घेते म्हणाले. त्यांनी शांतपणे विचारलं, "वाचतंय कोण? लोकं बघतेत नुसती." आणि वर म्हणाले, घे परत, पण भाचीला काय सांगशील? मी पुस्तक राहू दिलं. पोरीनं वर्गभर सांगितलं होतं. तिच्या हातात पुस्तक पडायला हवं, एवढंच मला त्या वेळी दिसत होतं. दगडाखाली हात म्हणतात तो हा.

वाढदिवसाचा कार्यक्रम सिडकोतल्या एका मंगल कार्यालयात होता. करमाडच्या शाळेची मुलं टेम्पोत घालून आणली होती, भाचीचा सगळा वर्ग पुढच्या रांगेत होता. भाऊला गुच्छ द्यायचा मान मालकांनी तिला दिला होता. निळा ड्रेस, तेल लावून घातलेल्या दोन वेण्या, सगळं पुस्तकातल्यासारखं करून ती आली होती. रिक्षात माझ्या कानाशी लागून म्हणाली, "मावशी, मी ष्टेजवर देणार जांभई. आपल्या पुस्तकातल्यासारखी." मी नको म्हणायला हवं होतं की नाही हे मला अजून कळलेलं नाही. मला तेव्हा ते खरंच होईल, सगळी गर्दी पेंगेल असं वाटलं.

तिनं गुच्छ दिला. लोकांकडं वळली. दोन्ही हात ताठ खाली सोडले, डोळे मिटले आणि तोंड उघडलं. तशी जांभई तिनं माझ्या घरातही दिली नव्हती. मला आली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत आली. मी मोठ्या आशेनं मागं वळून बघितलं. कुणालाच आली नव्हती. तिच्याकडं कुणी बघतच नव्हतं. सगळ्यांचे हात वर, हातात मोबाइल, आणि मोबाइलमध्ये भाऊ. फोटोग्राफर तेवढा म्हणाला, बाळा, तोंड मीट, फोटो खराब होतोय. पुढच्या रांगेतून एक पोरगा ओरडला की किसणी भाऊची कार्यकर्ती झाली, आणि वर्ग खदखदून हसला.

नंतरचं सांगतानाही मला उलटी येईल असं होतं. भाऊच्या तोंडाला केकची क्रीम फासली. मग तीच बोटं एकमेकांच्या तोंडात घातली, चाटली, पुन्हा केकमध्ये बुडवली. माझी पुस्तकं टेबलावर होती, कुणीतरी हात पुसायला वरच्या पुस्तकाची दोन पानं फाडली. मुलांनी सह्यांसाठी रांग लावली, लेखिकेकडं नाही, भाऊकडं. राक्षसाच्या अंगावरच्या चकचकीत छपाईवर पेन उमटत नव्हतं म्हणून तो खालच्या फिक्या कोपऱ्यात सही करत होता, दर पुस्तकावर, बरोबर पोरीच्या तोंडावर. भाची आपलं पुस्तक छातीशी धरून माझ्यामागं उभी होती. तिनं रांग लावली नाही.

दुसऱ्या दिवशी आभाराच्या फ्लेक्सचं काम आलं. भाऊ आणि गुच्छ देणारी पोरगी. मालकांनी फोटो दिला आणि वैजापूरला पत्रिका पोचवायला निघाले. जाताना म्हणाले, तेवढं तोंड बंद कर पोरीचं. मी केलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी फ्लेक्सची रीत मोडली. भाऊला बाजूला सारलं, पोरीला त्याच्याएवढीच मोठी केली, रंग उजळला नाही, दात आहेत तसे ठेवले आणि तोंड पडजिभेपर्यंत उघडं. जांभई देते माझी भाची तुमच्या भाऊशेजारी, बघा सगळ्यांनी, असं मनात म्हणत मी तो मशीनवर सोडला. व्हायचं ते होऊ दे.

काहीच झालं नाही. पुढच्या रविवारी भाचीला बसला बसवायला मी जालना रोडवर गेले, तर थांब्यासमोरच तो लावलेला. भाऊची दोन माणसं सुटलेला कोपरा बांधत होती. त्यातला एक मान वर करून म्हणाला, "काय घोषणा दिलीय पोरीनं, बघ. पार नरडं फाडून." दुसरा म्हणाला, अशा पोरी पायजेत. नंतर कळलं की भाऊलाही फ्लेक्स फार आवडला होता.

भाचीनं ते ऐकलं. ती फ्लेक्सकडं वर बघत होती.

"मावशी, मी जांभईच देतीय ना?"

"व्हय," मी म्हणाले.

"मंग?"

मी त्या माणसांना, भाऊला, मालकांना आणि सगळ्या शहराला मनात घाण घाण शिव्या देत होते. तिला फक्त म्हणाले, या लोकांना कशाचीच लाज नाही. तिचं माझ्याकडं लक्ष नव्हतं.

"दुसरं पुस्तक काढशील तव्हा मला राक्षस कर," ती म्हणाली. "त्याचे दात लई मोठे राहतेत, पण त्याला कुणी किसणी म्हणत नाय."

करमाडची बस आली. तिला खिडकीजवळची जागा मिळाली, फ्लेक्सच्या बाजूची. पहाटे लवकर उठून आली होती बिचारी, बस हलली तशी तिला खरीखुरी जांभई आली. तिनं पटकन तळहात तोंडावर घेतला.