खिळ्यावरचा डबा

बायकोनं माझ्या उजव्या कानावर तळवा ठेवला आणि म्हणाली, "पीठ गरम येऊन राहिलं. चक्की जरा ढिली करा." मी ढिली केली. तिनं चिमूटभर पीठ बोटांत चोळून बघितलं, मान डोलावली आणि भाकरी टाकायला घरात गेली. आमी दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम ते. कुणाच्या तरी ज्वारीचं पीठ. सांगण्यासारखं काही न्हाई, पण माझ्याकडं तेवढंच हाये.

कानावर तळवा काहून, ते सांगतो. सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावात आमची पिठाची गिरणी. घर समोरच, मधे अंगण. सारा जन्म पट्ट्याच्या घरघरीत गेला, त्यानं कान बसत चालले. पुण्याला असणाऱ्या आमच्या पोरीनं दिवाळीला कानाला लावायचं हेडफोन आणलं. बाहेरची घरघर ते खाऊन टाकतं. त्याला वायर न्हाई, बटण न्हाई. उजव्या वाटीवर वरून बोट फिरवायचं. वर नेलं की आवाज मोठा, खाली आणलं की बारीक, टकटक केलं की बंद. आणि त्यावर सगळा तळवा ठेवला की आत लावलेलं भजन बारीक होतं न् बाहेरच्या माणसाचं बोलणं आत येतं.

माझ्या बोटांना ते जमलं न्हाई. पिठानं कोरडी पडलेली, घट्टे पडलेली बोटं. कधी चार वेळा फिरवलं तरी ढिम्म, कधी एकदम असा आवाज की मी दचकून मागं व्हायचो. घाम पुसला की भजन बंद. एकदा कान खाजवला आणि पोरीचा आलेला फोन कापला गेला. ती रुसली. तिला वाटलं मीच कापला.

बायको बघत होती. म्हणाली, "गोवऱ्या थापून राहिले का? लेकराच्या गालाला बोट लावतो, तसं लावा."

"तूच लाव मग."

तिनं पदराला बोटं पुसली आणि लावलं. पहिल्या झटक्यात जमलं तिला. तवापासून ते काम तिचंच. मी न्हाव्यापुढं बसल्यावानी मान खाली घालायचो आणि ती आवाज कमी-जास्त करून द्यायची. दळणाला आलेल्या बाया हसायच्या. एक म्हणाली, "काकू, काकांचं बटण तुमच्याच हातात हाये म्हणा की."

"बटण असतं तर लग्नातच बंद केलं असतं," ही म्हणाली.

ह्याच्या आधी आमची रीत वेगळी होती. ओसरीच्या खांबाला खिळा, खिळ्याला जुना पत्र्याचा डबा टांगलेला. गिरणी चालू असली की हाक पोचत न्हाई, आणि माझं नाव तर ती कधी घेत नव्हती. म्हणून ती लाटण्यानं डबा बडवायची. जेवायला बोलवायचं असलं तर सावकाश, घाईचं असलं तर सारखा. मी पीठ झटकत यायचो आणि म्हणायचो, "गाव गोळा करतीस का?" ती म्हणायची, "गाव आलं, तुमी तेवढे राहिले होते."

हेडफोन आलं आणि डबा थांबला. अंगण ओलांडून यायचं आणि तळवा ठेवायचा, तिला ते सोपं पडलं. मलाही ते आवडायचं. उगं लपवायचं काय. म्हातारपणी चारचौघांत बायको कानावर हात ठेवती, ह्याला दुसरं निमित्त कुठून आणणार?

पुढं पोरगी फोनवर म्हणाली, त्याला पीठ लागू देऊ नका, खराब होईल. तवा बायकोनंच खिळ्यावरचा डबा उतरवला. "रिकामा लटकून काय करतो," म्हणाली. घासला, आत फडकं घातलं आणि हेडफोन ठेवायला गिरणीच्या फळीवर आणून ठेवला. मीही बरं म्हणालो. खिळा तसाच राहिला.

ती ज्वारी दळली त्याच दिवशी दुपारी मी गहू दळत होतो. कानात भजन. शेजारच्या शिंप्याची सून पळत आली आणि माझा खांदा हलवला. मी कानाचं काढलं, गिरणी तशीच सोडून धावलो. बायको खांबाशी बसलेली. सुनेनं पाजलेलं पाणी हनुवटीवरून खाली आलेलं. जीपनं सेनगाव गाठलं तवर ती गेली होती. डॉक्टर म्हणाले, हृदय.

दिवस झाले, पाव्हणे गेले, पोरगी पुण्याला गेली. माझ्या डोक्यात एकच घोळत राहिलं. हिनं हाक मारली होती का? मारली असली तर मी भजन ऐकत बसलो होतो. शेवटी एका संध्याकाळी शिंप्याच्या सुनेला कुंपणाशी गाठलं.

"खरं सांग बाई. हाक मारली का तिनं?"

"न्हाई चाचा, खुदा कसम. चाचीनं आवाज न्हाई दिला. मी कपडे वाळत घालून राहिले होते. बघितलं तर खांबाला टेकून उभ्या. एका हातात लाटणं, दुसरा हात वर."

"वर म्हंजे कुठं?"

तिनं आमच्या खांबाकडं बघून हात वर केला. बराबर खिळ्याजवळ.

"चक्कर आली असंल, खांब धरत असतील," ती म्हणाली.

"व्हय. असंल," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गिरणी उघडली. डब्यातून हेडफोन काढलं, फडकं काढलं आणि डबा परत खिळ्याला टांगला. शिंप्याच्या सुनेला बोलावून तिच्या हातात लाटणं दिलं.

"काय करायचं चाचा?"

"मी गिरणी चालू करतो. आधी जोरानं हाक मार. मग डबा बडव."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे."

गिरणी चालू केली. हेडफोन घातलं, भजन लावलं, भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो. तिनं हाक मारली असंल, मला काही कळलं न्हाई. मग डबा वाजला. भजनातून, घरघरीतून, पत्र्याचा तो कोरडा आवाज सरळ आत आला. बारीक, पण साफ.

कधी थांबायचं ते मी तिला सांगितलं नव्हतं. ती बडवतच राहिली, आणि मला थांब म्हणवेना.