दादांनी न पाहिलेली शिकार

चौकातलं मटणाचं दुकान दादा तीस वर्षं चालवत होते. मिसरूड फुटायच्या आत हातात सुरा आला, तो आजतागायत सुटला नव्हता. गिऱ्हाइकाने अर्धा किलो मागावं, दादांनी तुकडा उचलावा आणि काट्यावर तो अर्धा किलोच भरावा, इतका हात बसलेला. पण हाच माणूस घरी टीव्हीवर सिंहीण हरणामागे लागली की उठून बाल्कनीत जाऊन उभा राहायचा.

बायकोला प्राण्यांचे कार्यक्रम फार आवडत. ती हसायची. "दिवसभर बकरी कापता, आणि सिंहिणीला बघून तुमच्या पोटात गोळा येतो होय?"

"दुकानात पळापळ नसते," दादा म्हणायचे. "तिथं त्या बिचाऱ्या हरणाला सुटायची आशा असते. ते नाही बघवत."

बरं, सरळ हरणाची बाजू घेऊन मोकळं व्हावं, तर तेही त्यांना जमत नसे. एकदा हरीण निसटलं म्हणून ते खूश होऊन बाल्कनीतून आत आले, तर पडद्यावर तीच सिंहीण धापा टाकत पडलेली, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. त्या दिवशी दादांना जेवण गेलं नाही. बायकोने डोक्याला हात लावला.

दादांचा मुलगा ट्रक चालवायचा. सूनबाईंना सातवा महिना होता. एका मंगळवारी सकाळी त्यांचं डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. दवाखान्यात नेलं तर रक्तदाब भलताच चढलेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थांबून चालणार नाही, आत्ताच ऑपरेशन. मुलगा तेव्हा माल घेऊन नऊशे किलोमीटरवर होता. फोनवर तो लगेच निघतो म्हणाला. दादांनीच त्याला सांगितलं, "गाडी दामटू नकोस. सावकाश ये. आम्ही आहोत इथं."

बाराच्या आत बाळ झालं. डॉक्टरीणबाई मास्क खाली ओढत बाहेर आल्या. "मुलगी आहे. बाळाची आई ठीक आहे. बाळ बाराशे ग्रॅमचं आहे, अजून आपणहून श्वास घेत नाहीये. तीन दिवस तरी मला काही सांगता येणार नाही."

बाराशे ग्रॅम. दादांचा उजवा हात आपोआप किंचित उचलला गेला. बाराशे ग्रॅम म्हणजे किती, हे त्या हाताला डॉक्टरांपेक्षा जास्त माहीत होतं. दिवसातून दहादा तेवढं वजन त्यातून पुढे सरकत होतं. दादांनी तो हात खिशात घातला आणि बराच वेळ बाहेर काढला नाही.

बायको सुनेजवळ आत थांबली. दादा खालच्या मजल्यावरच्या प्रतीक्षागृहात येऊन बसले. निळ्या प्लास्टिकच्या जोडखुर्च्या, फिनेलचा वास, आणि भिंतीवर हात पोचणार नाही इतक्या उंच टीव्ही. समोर एक बाई मांडीवर शर्ट घेऊन काजं करत बसली होती. तिचा नवरा पाच दिवसांपासून अतिदक्षता विभागात होता. घरची कामं इथेच उरकते, ती म्हणाली. हात रिकामे राहिले की नको ते मनात येतं.

टीव्हीवर माळरान होतं. एक चित्त्याची मादी. निवेदक सांगत होता, हिला पाच पिल्लं झाली, दोन गेली, तीन उरली, आणि चार दिवसांत यांच्या पोटात काही नाही. पिल्लं गवतात एकमेकांवर रेलून पडली होती. मग चित्र बदललं. हरणाचं पाडस, नुकतं पायावर उभं राहिलेलं, आईच्या मागे धडपडत चाललेलं.

दादांनी मान वळवली. पण कान कसे वळवणार? आणि मग त्यांच्या मनाने जे करायला नको ते केलं. पाडस सुटलं तर आपली पोर जगेल, अशी गाठ त्यांनी मनात मारून टाकली. मारली आणि लगेच घाबरले. कारण पाडस सुटलं तर ती तीन पिल्लं? तीही कुणाची तरी बाराशे ग्रॅमचीच. मग त्यांनी गाठ उलटी मारून पाहिली, की पिल्लांना खायला मिळालं तर आपली पोर जगेल. ते तर त्याहून भयंकर वाटलं. कुठूनही धरलं तरी एक पोर जात होतं.

मादी गवतात दबली. संगीत थांबलं. दादा ताडकन उठले आणि दाराशी बसलेल्या वॉचमनकडे गेले.

"तो टीव्ही बंद करा हो."

"रिमोट माझ्याकडे नसतो, काका. काउंटरवर विचारा."

काउंटरवरच्या मुलीने दोन खण उघडून पाहिले, मग कुणाला तरी फोन लावला. दादांचं बनियन घामाने भिजलं होतं. रिमोट काही मिळाला नाही. ते परत आले तेव्हा पडद्यावर साबणाची जाहिरात लागली होती.

ते बाईंसमोर उभे राहिले. विचारू नये असं वाटत असतानाच त्यांनी विचारलं, "काय झालं, ताई? त्या पाडसाचं?"

बाईंनी सुई शर्टात खोचली. क्षणभर त्यांच्याकडे बघितलं. "सुटलं," ती म्हणाली.

दादा खुर्चीत बसले. बाई इतकं पटकन बोलली आणि इतक्या लगेच कामाला लागली, की त्यांच्या मनात पाल चुकचुकली. पण पुन्हा विचारायचा धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगा पोचला. तिसऱ्या दिवशी पोरीने आपणहून श्वास घेतला, पुन्हा विसरली, पुन्हा घेतला. सिस्टर म्हणायची, विसरभोळी आहे तुमची नात, तळपायाला टिचकी मारून आठवण करून द्यावी लागते. दादा हसायचे आणि जिन्यात जाऊन डोळे पुसायचे. पाचव्या दिवशी श्वासाची नळी निघाली.

ही बातमी सांगायला ते खाली आले. बाईंनी काजं बाजूला ठेवली. "देव पावला. भाऊ, एक सांगू? त्या दिवशी मी खोटं बोलले. तुमचा चेहराच तसा झाला होता."

"वाटलंच होतं मला," दादा म्हणाले. थोडं थांबून त्यांनी विचारलं, "मग पिल्लांना मिळालं?"

"मिळालं. तिन्ही जेवली. तोंडं माखून घेतली नुसती."

दादांना बरं वाटलं. अगदी मनापासून बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याची त्यांना लाज वाटली. पाडसाची आई पुढे काय करत होती, हे त्यांनी विचारलं नाही, आणि बाईंनीही सांगितलं नाही.

"तुमच्या मालकांचं कसं आहे?"

"आज डोळे उघडले," बाई म्हणाली. "मला ओळखलं का, कळलं नाही."

नवव्या दिवशी ती खुर्ची रिकामी होती. दादांना वाटलं, पेशंट वॉर्डात हलवला असेल. वॉचमनला विचारलं, तर तो आवाज उतरवून म्हणाला, "पहाटे गेले ते. ताईंना भाऊ येऊन घेऊन गेला."

दादा तिथेच उभे राहिले. तिचं नाव त्यांनी कधी विचारलं नव्हतं, घर कुठे तेही नाही. वरून बायको जिन्यात आली आणि हाका मारायला लागली, की पोरीने आज पहिल्यांदा चमच्याने दूध घेतलं, लवकर या. त्यांना वर धावत जावंसं वाटत होतं, आणि पाय उचलवत नव्हता. बायकोने आणखी एकदा हाक मारली, तेव्हा ते कठड्याला धरून एकेक पायरी चढू लागले.